उन्हाचे राहून गेलेले काम

कोकणात घराच्या मागच्या दारापासून गडग्यापर्यंतच्या, म्हणजे जांभ्याचे दगड मातीशिवाय एकमेकांवर रचून घातलेल्या कुंपणापर्यंतच्या जागेला परस म्हणतात, आणि या परसात घरखर्चापुरती काढलेली भाजी हा शेतीचा सर्वांत लहान व सर्वांत कमी नोंदला गेलेला प्रकार आहे. तिचे उत्पन्न सातबाऱ्याच्या उताऱ्यावर येत नाही, बाजारात जात नाही, आणि तिच्यामागचे ज्ञान बहुतांशी घरातील स्त्रियांच्या हातात व स्मरणात असल्यामुळे ते लिहूनही ठेवले जात नाही. या ज्ञानात उन्हाळ्याचा विचार मुख्यतः पाण्याच्या अंगाने होतो. विहिरीला किती पाणी उरले आहे, किती कळशा भाजीला देता येतील, भांडी घासलेले पाणी कोणत्या आळ्यात सोडावे, असे त्याचे प्रश्न असतात. उन्हाळा कोरडा असतो, म्हणून परसात काम करणाऱ्याचे काम पाणी देण्याचे, हे गृहीतच धरलेले असते. ऊन स्वतः काही काम करते, आणि ते काम माणसाला दुसऱ्या कोणत्याही साधनाने सहजासहजी करता येत नाही, ही गोष्ट ते ऊन मिळेनासे होईपर्यंत ध्यानात येत नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात ते मिळाले नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दक्षिण कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यालगत अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, त्याची तीव्रता वाढत जाऊन २४ मे रोजी ते रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडून जमिनीवर आले, आणि त्याच दिवशी, म्हणजे १ जून या सर्वसाधारण तारखेच्या आठ दिवस आधी, मान्सून केरळात दाखल झाल्याचे भारतीय हवामान विभागाने जाहीर केले. दुसऱ्या दिवशी तो तळकोकणात होता आणि २६ मे रोजी मुंबईत. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, हे लक्षात घेता ही घाई सोळा दिवसांची होती. नक्षत्रांच्या गणनेप्रमाणे सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणीत आणि ७ किंवा ८ जूनला मृगात जातो, आणि कोकणातील पेरणीचे सारे बोलणे ‘मिरग’ या एका शब्दाभोवती फिरते. येथे तर कृत्तिका सरण्यापूर्वीच झड लागली होती. वळीव आणि झड यांतला फरक परसाच्या दृष्टीने मोठा आहे. वळीव दुपार कलल्यावर गडगडाटासह येतो, तासाभरात जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन पडून माती सुकते, तर झड म्हणजे दिवसरात्र न थांबणारा पाऊस, ज्यात पानांवरचे पाणी वाळायलाही अवकाश मिळत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घराचे परस रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात, कातळाच्या म्हणजे जांभ्याच्या उघड्या सड्याच्या कडेला आहे, आणि त्याचा विस्तार तीन गुंठ्यांहून अधिक नाही. येथील माती तांबडी, आम्लधर्मी आणि उथळ आहे; काही ठिकाणी वीतभर खणले की कुदळ दगडावर वाजते, आणि म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घमेल्यांनी आणून टाकलेली माती, गोठ्यातले शेण व चुलीतली राख यांतून तयार झालेला थर हीच खरी जमीन. मेच्या विसाव्या तारखेला या जागेत भेंडीच्या दोन ओळी, वांग्याची वीस आणि मिरचीची पंधरा झाडे, बियांसाठी राखून ठेवलेली चवळी आणि लाल माठ, माटवावर म्हणजे वेलांसाठी काठ्या व सुंभ बांधून केलेल्या मांडवावर चढलेला एक दुधी, आणि मोरीच्या पाण्यावर पोसलेले अळू, एवढे पीक उभे होते. भेंडी, वांगी आणि मिरची आळ्यात लावलेली होती. आळे म्हणजे झाडाच्या बुंध्याभोवती केलेला खोलगट गोल, ज्यात ओतलेले पाणी इकडेतिकडे न वाहता मुळांपाशी मुरते. उन्हाळ्यातील कळशीभर पाण्याचा उत्तम उपयोग करून घेणारी ती रचना आहे, आणि नेमकी तीच रचना पुढच्या आठवड्यात घातक ठरली.

झाडाला पाणी कमी पडले की ते मान टाकते, हे कोणालाही ठाऊक असते. पाणी अधिक झाले तरी ते तशीच मान टाकते, हे मात्र पुस्तकात वाचले असले तरी डोळ्यांना पटत नाही. मुळे श्वसन करतात, त्यासाठी त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतील प्राणवायू लागतो, आणि त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हा पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. श्वास कोंडलेल्या मुळाला पाणी शोषून वर पाठवण्याची शक्ती उरत नाही, आणि भिजलेल्या जमिनीत उभे असलेले झाड तहानेने सुकते. झड चालू असताना हे दिसत नाही, कारण ढगाळ, दमट हवेत पानांतून पाणी फारसे उडत नाही. ते दिसते उघडीप पडल्यावर. महिनाअखेरीस मान्सूनची पुढची वाटचाल थांबली आणि जूनच्या मध्यापर्यंत ती थांबलेलीच राहिली. त्या काळातल्या पहिल्या कडक दुपारी भेंडीची पाने एकदम खाली लोंबली, आणि परसात वर्षानुवर्षे काम केलेला हात सवयीने कळशीकडे गेला. दोन दिवस संध्याकाळी आळ्यांत पाणी घातले गेले. तिसऱ्या दिवशी एक झाड उपटून पाहिल्यावर मुळे तपकिरी, बुळबुळीत झालेली आणि आंबूस वासाची निघाली, तेव्हा चूक कळली. तोवर एक संपूर्ण ओळ हातची गेली होती. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून ओल पाहिली असती तर ही ओळ वाचली असती. ही परीक्षा करायला एक क्षण पुरतो, आणि भाजी लावणाऱ्या प्रत्येकाने ती पाणी घालण्यापूर्वी करावी, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

वांग्यांचे दुखणे निराळे होते. त्यांची पाने हिरवी असतानाच झाडे एकेक करून माना टाकू लागली, सकाळी थोडी सावरत, दुपारी पुन्हा कोमेजत आणि तीनचार दिवसांत पूर्ण वाळत. अशा वेळी बुरशीमुळे होणारी मर आणि जिवाणूमुळे होणारी मर यांत फरक करण्याची एक घरगुती कसोटी उपयोगी पडते: जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापून तो स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात टांगून धरला असता काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढुरकी धार खाली उतरू लागली, तर ती जिवाणूंची असते. पेल्यात ती धार उतरली. राल्स्टोनिया या जिवाणूमुळे होणारा हा रोग उष्ण, ओल्या आणि आम्लधर्मी जमिनीत फोफावतो, वाहत्या पाण्याबरोबर एका आळ्यातून दुसऱ्यात जातो, आणि वांगी, टोमॅटो व मिरची या एकाच कुळातील तिन्ही पिकांना लागतो. लागलेल्या झाडावर इलाज नाही. झाडे मुळासकट काढून, माती न सांडता परसाबाहेर नेऊन जाळणे, आणि त्या जागेत काही हंगाम या कुळातले काहीही न लावणे, एवढेच करता येते. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली वांगी या रोगाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत, परंतु हे कळून उपयोग पुढच्या वर्षीचा. वीस झाडांपैकी पाच उरली, आणि ती उताराच्या वरच्या अंगाची होती, हे नोंदण्यासारखे आहे.

येथेच उन्हाच्या कामाचा प्रश्न उभा राहतो. कोकणात भाताच्या रोपांसाठी राखलेल्या जागेवर उन्हाळ्यात टहाळ, पालापाचोळा, शेण आणि वर मातीचा पातळ थर पसरून तो जाळण्याची रीत आहे. तिला भाजावळ आणि त्या जागेला राब म्हणतात. लहान प्रमाणावर हेच परसातही केले जाते, ज्या वाफ्यात मिरची-वांग्याचे बी टाकायचे तो आधी भाजून घेतला जातो. या भाजण्यामुळे तणांचे बी आणि मातीच्या वरच्या थरातील रोगकारक बुरशी नष्ट होतात, राखेतून पालाश म्हणजे पोटॅश मिळते आणि आम्लता थोडी उतरते. रान व पालापाचोळा जाळण्याविषयी जे आक्षेप घेतले जातात ते मोठ्या क्षेत्राच्या बाबतीत खरे आहेत, परंतु चार हातांच्या वाफ्याला त्यांच्या तराजूत तोलणे योग्य ठरणार नाही. भाजावळीशिवायही मेमधली नांगरलेली किंवा खणून उघडी टाकलेली जमीन उन्हाने तापते, आणि हे तापणे वाढवण्यासाठी ओलसर माती पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे झाकून ठेवण्याची मृदा सौरीकरण नावाची पद्धत १९७६ साली इस्रायलमधील संशोधकांनी शास्त्रीय रीतीने मांडली. तिचे तत्त्व कोकणातल्या शेतकऱ्याला नवे नाही. ‘जमीन तापली पाहिजे’ हे वाक्य येथे जुने आहे. त्या वर्षी जमीन तापली नाही. भाजावळीचा टहाळ मेच्या अखेरीस पेटवायचा म्हणून गडग्याला टेकून ठेवला होता, तो भिजून काळा पडला आणि पुढे खतात गेला.

याचा परिणाम रोपवाटिकेत सरळ दिसला. न भाजलेल्या वाफ्यात टाकलेले मिरचीचे बी उगवले, दोन पानांवर आले, आणि मग रोपे जमिनीच्या रेषेशी बारीक होऊन, जणू कोणी चिमटीत धरून मोडल्याप्रमाणे, आडवी पडत गेली. रोपे कोलमडणे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगामागे असलेल्या पिथियम या बुरशीसदृश जीवाचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात, त्यामुळे साचलेले पाणी हे त्यांच्यासाठी वाहन असते. दुसऱ्या खेपेस बी वाफ्यात न टाकता, तळाला भोके पाडलेल्या जुन्या डब्यांत, चाळलेली कोरडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी यांचे मिश्रण भरून, पडवीत, म्हणजे घराच्या पुढच्या उतरत्या छपराखाली, लावले गेले. पाणी वरून न घालता डबा परातीत ठेवून खालून चढू दिले. ही रोपे जगली. मात्र पडवीतला उजेड कमी पडल्याने ती उंच आणि अशक्त झाली, आणि लावणीनंतर पंधरा दिवस काठीच्या आधाराने उभी राहिली. विस्तवाचे आणि उन्हाचे एक दिवसाचे काम हातांनी महिनाभर करावे लागते, ते असे.

बियांची हानी याहून खोल होती. घरचे बी वर्षानुवर्षे टिकते ते मेच्या उन्हामुळे. शेंगा झाडावर वाळतात, मग खळ्यात किंवा पत्र्यावर पसरून पुन्हा वाळवल्या जातात, आणि दाणा दाताखाली कटकन फुटू लागला की राखेत मिसळून मडक्यात किंवा बाटलीत भरला जातो. बियाणेशास्त्रात असा एक ढोबळ नियम सांगितला जातो की, ठरावीक मर्यादेत बियांतील ओलावा एका टक्क्याने उतरला की त्यांचे साठवणीतील आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणजे एका कोरड्या आठवड्याची किंमत बियांच्या हिशेबात वर्षांमध्ये मोजावी लागते. त्या मेमध्ये राखून ठेवलेल्या चवळीच्या शेंगा झाडावरच भिजल्या आणि शेंगेच्या आतच दाण्यांना मोड फुटले. लाल माठाची कणसे काळी पडून गळाली. ही चवळी या घरात किती वर्षे होती याची नोंद नाही, परंतु घरातील वयोवृद्ध स्त्रीच्या सांगण्याप्रमाणे ती तिच्या लग्नाआधीपासूनची होती. शेजारच्या काकूंना पूर्वी कधी दिलेल्या बियांपैकी मूठभर त्यांच्याकडे उरले होते, म्हणून ती परत मिळाली. बी एकाच घरात ठेवू नये, वाटून ठेवावे, या वागणुकीमागे औदार्य तर आहेच, पण एका घराचा उन्हाळा बुडाला तरी गावात बी राहावे, ही सोयही आहे. त्याच दिवसांत आमसुलांसाठी मीठ घातलेल्या कोकमाच्या रसात भिजवलेली साले, फणसपोळ्या आणि सांडगेही घरोघर उन्हाची वाट पाहत राहिले.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यातील उघडिपीचा उपयोग परसाचा आकारच बदलण्यासाठी करण्यात आला. सारी आळी मोडून त्यांच्या जागी गादीवाफे, म्हणजे सभोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच आणि दोन्ही बाजूंनी हात पोहोचेल एवढ्या रुंदीचे वाफे, करण्यात आले. त्यांच्यामधल्या वाटा खोल करून त्यांना उताराच्या दिशेने चरांना जोडले, आणि गडग्याच्या तळाशी एक चिरा काढून पाण्याला बाहेर जायला वाट दिली. हे काम थकवणारे असते, आणि त्यातून निघालेली माती किती थोडी आहे हे पाहून कातळावर राहणाऱ्याला दरवेळी नव्याने आश्चर्य वाटते. शेणखत एकदम न घालता दर पंधरा दिवसांनी झाडामागे ओंजळभर देण्याचे ठरले, कारण नत्राचे नायट्रेट हे रूप पाण्यात सहज विरघळते, मातीच्या कणांना धरून राहत नाही आणि झडीबरोबर मुळांच्या खाली उतरून जाते. खालची जुनी पाने आधी फिकट पिवळी पडू लागली तर ते नत्राच्या उणिवेचे लक्षण समजावे.

मग वेलांची पेरणी झाली. पावसाळ्यातील परस खऱ्या अर्थाने वेलांचे असते: पडवळ, दोडकी (जिला येथे शिराळी म्हणतात), कारली, काकडी, घोसाळी आणि भोपळा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९७२ साली झाली, या हवेसाठी निवडलेल्या जातींपैकी ‘कोकण तारा’ कारली आणि ‘कोकण श्वेता’ पडवळ यांचे बी घरच्या बियांबरोबर लावले गेले. जूनच्या मध्यानंतर पाऊस पुन्हा धरला आणि जुलैत काकडीच्या पानांवर शिरांनी वेढलेले पिवळे चौकोनी ठिपके दिसू लागले. हा केवडा रोग. तो पाने सतत ओली राहिली की पसरतो, आणि त्यावरचे जुने औषध बोर्डो मिश्रण हे आहे, जे कोकणातील सुपारीच्या बागांत कोळेरोगासाठी मारले जात असल्याने येथे सर्वांच्या परिचयाचे आहे. एक टक्का तीव्रतेसाठी लिटरमागे दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना लागतो. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात, लोखंडी नसलेल्या भांड्यात विरघळवून मग एकत्र करावे लागतात, आणि मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून पाहिल्यावर तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी निवळी घालावी लागते. वेलांच्या कोवळ्या पानांना हे मिश्रण कधीकधी सोसत नाही, शिवाय ते मारल्यावर काही तास तरी कोरडे मिळावे लागतात. ते मिळाले नाहीत. रोगट पाने खुडणे, वेल विरळ करणे आणि माटव दोन हात उंच करून खालून वारा खेळू देणे, यांनी जे साधले ते फवाऱ्याने साधले नाही.

वेल फुलले तरी फळ धरेना, तेव्हा परागीभवन हाताने करावे लागले. वेलवर्गीय भाज्यांत नर आणि मादी फुले निराळी असतात, मादी फुलाच्या खाली इवलेसे फळ आधीपासूनच असते, आणि नर फुलातील पराग तिथवर नेण्याचे काम मधमाश्या किंवा रात्री उडणारे पतंग करतात. झडीत ते बाहेर पडत नाहीत आणि भिजलेला परागही निकामी होतो. प्रत्येक वेलाची वेळ वेगळी आहे: भोपळा, काकडी, कारली आणि घोसाळी सकाळी उमलतात, शिराळी व दुधी संध्याकाळी, आणि पडवळाची झालरीसारखी पांढरी फुले अंधार पडल्यावर. नर फुलांच्या कळ्या दुपारी खुडून घरात वाटीभर पाण्यात उभ्या ठेवल्या की त्या कोरड्या उमलतात. त्या घेऊन, एका हातात छत्री व बॅटरी सांभाळत माटवाखाली उभे राहून एकेका मादी फुलाला पराग लावण्यात जुलैच्या कित्येक संध्याकाळी गेल्या. ज्या कामाचे मोल कधी मोजले गेले नव्हते ते किडे करत होते, हे अशा वेळी फार जवळून कळते. धरलेल्या फळांवर फळमाशी अंडी घाली, म्हणून कोवळ्या कारल्या-शिराळ्यांवर जुन्या सुती साडीच्या पिशव्या चढवल्या गेल्या, कारण कागद पावसात टिकत नाही.

या साऱ्या काळात घराला भाजी कमी पडली नाही, याचे श्रेय लावलेल्या पिकांना नाही. टाकळा मृगाची वाट न पाहता मेच्या अखेरीसच गडग्याच्या कडेने उगवला, आणि कोवळा असतानाच खुडून चण्याची डाळ व ओले खोबरे घालून केलेली त्याची भाजी जूनमध्ये वारंवार झाली. अळवाला तर पाण्याचा धाकच नसतो; त्याची मुळे ओल्या, हवा कोंडलेल्या चिखलातही तग धरतात, आणि मोरीच्या कडेचे अळू त्या वर्षी कमरेएवढे वाढले.

२८ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमी होती. या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, हाताने खणून पिकवलेले तेवढेच खायचे, असा संकेत असून त्यासाठी अनेक भाज्या एकत्र शिजवून ऋषीची भाजी केली जाते. एका अर्थाने परसाचा तो वार्षिक हिशेबच. त्या वर्षीच्या पातेल्यात घरचे अळू, घरचा भोपळा, दोन पडवळे, पाच शिराळी आणि वाचलेल्या ओळीतली मूठभर भेंडी पडली. लाल माठ काकूंच्या परसातून आला, मक्याची कणसे बाजारातून, आणि काकडी त्यात नव्हती. सर्वांत लांब पडवळ काढले नाही. ते वेलावरच नारिंगी होईपर्यंत ठेवून मग फोडले, बिया धुऊन सुपात पसरल्या आणि बाहेर पुन्हा झड लागली असल्याने ते सूप चुलीवरच्या फळीवर, धुराच्या वाटेत, ठेवले गेले.